कॅनिस्टर व्हॅक्युम घेताय? मग आधी पाईपच्या टोकाचं हेड बघा, डबा नंतर

कॅनिस्टर व्हॅक्युम क्लीनर, म्हणजे मोटरचा डबा जमिनीवर आणि हातात नळीला जोडलेला पाईप असतो तो, घ्यायचा म्हटलं की आपली नजर आधी डब्यावर जाते, मोटर किती वॉटची, बॅगवाला की बिनबॅगचा, आवाज किती, चाकं कशी, आणि पाईपच्या टोकाला जे चपटं हेड असतं ना त्याच्याकडे कोणी बघतच नाही, ते काय सोबत येतंच असं धरून चालतो. पण जमिनीला टेकतं ते फक्त हेड. डबा हवा ओढतो एवढंच, ती हवा केरापर्यंत पोचते का, गालिच्यात रुतलेली वाळू सुटते का, लाकडी फ्लोअरवर चरे पडतात का, हे सगळं त्या हेडवर ठरतं. म्हणून पहिल्यांदा घेत असाल तर हेडपासून सुरुवात करा आणि त्या हेडला साजेसा डबा शोधा, असं मी प्रत्येकाला सांगते.

मी हे उलट्या क्रमाने शिकले. पहिलं मशीन घेतलं ते मोटरचा मोठा आकडा बघून, सोबत एकच हेड होतं. जाड गालिच्यावर नेमाने फिरवायचे, वरून छान दिसायचा. एकदा गालिचा हलवायचा होता म्हणून त्याचा कोपरा उलटा केला आणि पाठीमागून चार थापा मारल्या, तर खाली बारीक वाळू नुसती झरझर पडायला लागली. इतके दिवस मी वरचे केस आणि धूळ उचलत होते, बुडाशी बसलेल्या वाळूला त्या हेडने हातच लावला नव्हता. मोटरचा काही दोष नव्हता.

आता पायरी पायरीने बघू.

पायरी 1: घरातली जमीन कागदावर लिहून काढा

कागद-पेन घेऊन सगळ्या खोल्यांमधून एक फेरी मारा. कुठे टाईल्स किंवा फरशी आहे, कुठे लाकडी किंवा लॅमिनेट आहे, कुठे गालिचा आहे आणि तो कसा आहे. गालिच्याचं मात्र नीट बघा, बोटांनी केस बाजूला करून. केसांची टोकं कापलेली, मोकळी असतील तर तो कट पाईल. धागा वर येऊन परत खाली गेलेला असेल, म्हणजे बारीक बारीक फासे दिसत असतील, तर तो लूप पाईल. हा फरक आत्ता किरकोळ वाटेल पण पुढे हेड निवडताना सगळं यावरच येतं. पातळ सतरंजीसारखं काही असेल, कडेला झालर असेल, तेही लिहा.

मग पलंग, सोफा, कपाटं यांच्या खाली किती जागा आहे ते पट्टीने मोजा. काही हेड्स चपटी असतात आणि सहज आत जातात, मोटर बसवलेली हेड्स जाड असतात, ती अडतात. जिने असतील तर तेही लिहा. घरात लांब केस, कुत्रा-मांजर, कोणाला धुळीची अ‍ॅलर्जी, हे शेवटी. या कागदावर अर्धी निवड होऊन जाते.

पायरी 2: वॉटचा आकडा जरा बाजूला ठेवा

डब्यावर लिहिलेले वॉट म्हणजे मशीन किती वीज खातं ते, किती ओढतं ते नाही. युरोपियन युनियनने सप्टेंबर 2014 पासून घरगुती व्हॅक्युमला 1600 वॉटची आणि सप्टेंबर 2017 पासून 900 वॉटची मर्यादा घातली, आणि त्यानंतरही तिथली घरं स्वच्छच राहिली, कारण कंपन्यांनी मोटर, हवेचा रस्ता आणि हेड सुधारले. त्यामुळे 2000 वॉट म्हणजे दुप्पट सफाई असं काही नसतं.

ओढ म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे समजून घ्या. पाईपच्या तोंडावर तळहात घट्ट लावा, हात चिकटतो, म्हणजे दाब जास्तीत जास्त आहे पण हवा वाहतच नाहीये. आता हात काढा, हवा भरपूर वाहते पण दाब कमी होतो. केर उचलून डब्यापर्यंत नेते ती वाहती हवा, आणि अडकलेला केर सोडवायला दाब लागतो, दोन्ही एकाच वेळी पाहिजेत. काही कंपन्या एअरवॉट देतात, तो आकडा दाब आणि प्रवाह दोन्ही धरून काढतात म्हणून नुसत्या वॉटपेक्षा बरा. नुसते किलोपास्कल, म्हणजे फक्त दाबाचा आकडा, दिले असतील तर तो बहुतेक वेळा तळहात लावलेल्या अवस्थेतला आकडा असतो, आणि आपण कोणी पाईप बंद करून झाडत नाही.

म्हणूनच हेडचं महत्त्व. हेड जमिनीपासून किती उंचावर हवा धरतं, कडेने किती सोडतं, यावर तोच डबा दमदार वाटतो किंवा मरगळलेला.

पायरी 3: हेड्स एकेक करून ओळखा

इथे वेळ द्या, घाई करू नका.

*कॉम्बिनेशन हेड.* जवळपास प्रत्येक मशीनसोबत हेच येतं. वर पायाने दाबायचं एक पॅडल असतं. एकदा दाबलं की खालून ब्रशची झालर बाहेर येते, हे कडक जमिनीसाठी, परत दाबलं की ब्रश आत जातो आणि गुळगुळीत तळ गालिच्यावर टेकतो. नवीन माणसं हमखास इथे चुकतात, ब्रश बाहेर ठेवूनच गालिच्यावर फिरवतात, मग हेड वर उचललेलं राहतं आणि हवा कडेने निसटते. उलट ब्रश आत ठेवून लाकडावर फिरवलं तर धातूचा किंवा प्लास्टिकचा तळ थेट घासतो. हेड उलटं करून तळाला लाल किंवा राखाडी रंगाच्या खरखरीत पट्ट्या आहेत का बघा, त्या धागे आणि केस पकडायला असतात. पातळ गालिचा, टाईल्स, मधूनच एखादं पायपुसणं, एवढ्यासाठी चांगलं कॉम्बिनेशन हेड पुरतं. जाड गालिच्यात रुतलेल्या वाळूसाठी नाही, कारण ते गालिच्याच्या केसांना हलवत नाही, फक्त वरून ओढतं.

*कडक जमिनीचं हेड, ज्याला पार्के ब्रश म्हणतात.* रुंद, चपटं, मऊ केसांचं, चांगल्यात बरेचदा घोड्याचे केस असतात. ज्यांच्या घरात मुख्यतः लाकूड, लॅमिनेट किंवा गुळगुळीत टाईल्स आहेत त्यांनी हे वेगळं घ्याच. याची मान बरीच वळते, मनगट फिरवलं की हेड आडवं होऊन खुर्चीच्या पायांमधून जातं. घेताना उलटं करून दोन गोष्टी बघा. पहिली, पुढच्या ब्रशमध्ये मधेमधे मोकळ्या खाचा आहेत का. सलग झालर असेल तर बारीक धूळ आत जाते पण जरा मोठा तुकडा, खडा, कागदाचा कपटा हेडच्या पुढे पुढे ढकलला जातो, आणि मग तुम्ही प्रत्येक वेळी हेड उचलून त्याच्यावर ठेवत बसता, जे फार कंटाळवाणं आहे. दुसरी, चाकं. नुसतं कडक प्लास्टिक असेल तर लाकडासाठी नको, रबर किंवा फेल्टचा थर असलेली हवीत. आणि चाक चांगलं असलं तरी त्यात खडा रुतला तर तो प्रत्येक फेरीला रेघ ओढतो, म्हणून अधूनमधून चाकावरून बोट फिरवत जा.

*टर्बो ब्रश.* यात फिरणारा रोलर असतो आणि तो वाहत्या हवेवरच फिरतो, आत एक छोटी पंख्याची चकती असते, वीज लागत नाही. सोय अशी की साध्या पाईपला बसतो, नंतरही घेता येतो. तोटा असा की रोलर फिरवायला जी हवा खर्च होते ती सफाईच्या वाट्यातून जाते, आणि बॅग भरत आली किंवा फिल्टर तुंबला की रोलर मंदावतो, जाड गालिच्यात तर थांबतोच. मध्यम जाडीचा कट पाईल, कुत्र्या-मांजराचे केस, यासाठी मस्त. याचाच छोटा भाऊ, हातात मावणारा मिनी टर्बो, सोफ्यासाठी आणि जिन्याच्या पायऱ्यांसाठी मिळतो.

*मोटरवालं हेड, पॉवरहेड.* रोलरला स्वतःची मोटर असते म्हणून मशीनची सगळी हवा केर ओढायला मोकळी राहते आणि जाड गालिच्यात पण रोलरचा वेग फारसा पडत नाही. खोलीभर जाड कार्पेट असेल तर मला याला पर्याय दिसत नाही. थापा मारून वाळू पडली तो माझा गालिचा शेवटी साफ झाला तो अशाच हेडने, आणि पहिल्याच दिवशी नवीकोरी बॅग अर्धी भरली, ती हातात घेतल्यावर वजनावरूनच कळत होतं की आत नुसती धूळ नाही, वाळू आहे. फक्त एक मोठी अट आहे, ती पुढच्या पायरीत.

आता ते लूपचं. फिरणारा रोलर लूप पाईलवर लावू नका, टर्बो असो की मोटरचा. माझ्याकडे एक लूपचा छोटा गालिचा होता, टर्बो ब्रश नवीन आणलेला म्हणून उत्साहात त्याच्यावर पण फिरवला. एक फास कुठेतरी आधीच जरा वर आलेला असणार, तो रोलरच्या ब्रशच्या केसांत अडकला आणि कट्कट् असा आवाज येईपर्यंत वीतभर धागा सरळ रेषेत उसवून निघाला, गालिच्यावर भांग पाडावा तशी रेघ. ती परत बसत नाही. लोकरीचे, हाताने विणलेले गालिचे, झालर, जुने नाजूक कापड, या सगळ्याला रोलर बंद, साधं गुळगुळीत हेड आणि कमी ओढ. पॉवरहेड घेताना रोलर वेगळा बंद करायचं बटण आहे ना ते विचाराच, टर्बोला सहसा तसं नसतं, तिथे हेडच बदलावं लागतं.

बाकी छोटी टूल्स पटकन सांगते. फटींसाठी लांब निमुळतं क्रेव्हिस टूल, सोफ्यासाठी छोटं चपटं अपहोल्स्ट्री टूल, आणि गोल मऊ डस्टिंग ब्रश. ही तिन्ही बहुतेक मशीनसोबत येतात. डब्याच्या आत किंवा पकडीवर ठेवायची सोय असेल तर वापरली जातात, नाहीतर कपाटात पडून राहतात.

पायरी 4: माप आणि वीजवाली नळी

दोन प्रश्न, दोन्ही पैसे भरण्याआधी.

पहिला, पाईपचं माप काय. घरगुती कॅनिस्टरमध्ये 32 आणि 35 मिलीमीटर ही मापं सर्रास दिसतात, जसं न्यूमॅटिक कंपनीच्या हेन्री मशीनचं 32 आणि मीले कंपनीच्या मशीनचं 35. हेडच्या मानेचं भोक, जिथे पाईप आत शिरतो तिथे, आतून मोजायचं. 3 मिलीमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही पण एक तर बसतच नाही किंवा सैल बसतं आणि तिथून हवा गळते. रबरी अडॅप्टर मिळतात, काम भागतं. काही कंपन्यांचे पाईप खटक्याने लॉक होतात किंवा अंडाकृती असतात, त्यांना बाहेरचं हेड लावणं कटकटीचं असतं. गोल साधा पाईप असेल तर पुढे पर्याय भरपूर, कारण वेसेल-वेर्कसारख्या जर्मन कंपन्या वेगवेगळ्या ब्रँडसाठी हेड्स बनवतात आणि सुटी पण मिळतात.

दुसरा प्रश्न, आणि हीच ती अट. पॉवरहेडला वीज लागते, ती डब्यातून नळीच्या आतल्या तारांमधून पाईपमार्गे खाली येते. म्हणजे डब्यावर तसं सॉकेट, नळी तशी, पाईप तसा, सगळंच त्या सोयीचं पाहिजे. साधं मशीन घेऊन ठेवू आणि पॉवरहेड पुढच्या वर्षी लावू असा विचार करत असाल तर आधी विचारून घ्या, बहुतेक साध्या डब्यांना ते जोडताच येत नाही आणि मग पूर्ण मशीन बदलावं लागतं. घरी जाड कार्पेट यायची थोडी जरी शक्यता असेल तर वीजवाल्या नळीची सोय असलेलाच डबा बघा. नळी तुटली तर वीजवाली नळी साध्यापेक्षा बरीच महाग पडते हे पण धरून चाला.

पायरी 5: आता डबा

हेड ठरलं की डब्याची निवड सोपी होते. कॅनिस्टरचा मूळ फायदाच हा की जड मोटर जमिनीवर राहते आणि हातात फक्त पाईप असतो. इलेक्ट्रोलक्सने 1921 मध्ये मॉडेल व्ही काढलं तेव्हाच आडवा सिलेंडर घसरपट्ट्यांवर ठेवून मागे ओढायची ही कल्पना होती, आता घसरपट्ट्यांच्या जागी चाकं आहेत. त्यामुळे चाकं तीन-चार बाजूंनी फिरणारी आणि रबरी असतील तर मशीन दारात, गालिच्याच्या कडेला अडत नाही.

बॅग की बिनबॅग यावर लोक तावातावाने भांडतात. माझं मत बॅगच्या बाजूने आहे. बॅग स्वतःच पहिला फिल्टर असते, चांगली बॅग काढताना तोंड बंद होतं आणि धूळ परत नाकात जात नाही, अ‍ॅलर्जी असलेल्या घरात हे फार मोठं आहे. बिनबॅगमध्ये बॅगचा खर्च नाही हे खरं, पण डबी रिकामी करताना ढग उठतो, आणि आतला फिल्टर धुऊन पूर्ण वाळेपर्यंत, बऱ्याच कंपन्या 24 तास सांगतात, मशीन वापरता येत नाही. ओला फिल्टर घालून चालवलं तर मोटरची वाट लागते. एवढी शिस्त असेल तर बिनबॅग घ्या, काही हरकत नाही.

हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर, त्याचं नाव सगळेच छापतात. त्यातला एच 13 दर्जा म्हणजे पकडायला सगळ्यात अवघड आकाराचे कणसुद्धा 99.95 टक्के अडवणारा. पण फिल्टर कितीही चांगला असला तरी डब्याच्या झाकणातून, सांध्यातून हवा निसटत असेल तर काय उपयोग. झाकणाच्या कडेला रबरी सील सलग आहे का, झाकण दाबून बंद होतं का, हे बोटाने तपासा.

वायर, नळी आणि पाईप धरून किती लांब पोचतो त्याला कार्यत्रिज्या म्हणतात, 10 मीटरच्या आसपास असेल तर एका प्लगवर मोठी खोली होते. वायरवर पिवळी खूण दिसली की आता संपत आली, लाल खूण दिसली की थांबा, त्यापुढे ओढली तर आतली गुंडाळी तुटते.

पायरी 6: हातात घेऊन बघा

दुकानात मशीन चालू करून द्यायला सांगा. पाईप तुमच्या उंचीला लावा, सरळ उभं राहून कंबर न वाकवता हेड जमिनीवर पूर्ण टेकलं पाहिजे. मान सैल आहे का, मागे ओढताना हेडची पुढची कड उचलली जाते का ते बघा, उचलली तर मागच्या ओढीला काही साफ होत नाही. शक्य असेल तर चिमूटभर बारीक वाळू टाईलच्या सांध्यात टाका, एकच फेरी सावकाश मारा आणि मोबाईलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा उजेड पाडा. आडव्या उजेडात एक कण राहिला तरी त्याची लांब सावली पडते, लगेच दिसतो. मग भिंतीला हेड चिकटवून कडेची धूळ किती अंतरापर्यंत उचलतं ते बघा.

पायरी 7: पहिल्या आठवड्यात वापर

ओढ नेहमी फुल्लवर ठेवायची नसते. पडद्याला कमीत कमी, सोफ्याला त्याहून थोडी जास्त, पातळ गालिच्याला मध्यम, टाईल्सला जास्त. मऊ दाट कार्पेटवर फुल्ल ओढ लावली तर हेड जमिनीला चिकटून बसतं आणि ढकलताना खांदा भरून येतो, तेव्हा पकडीवरची छोटी सरकती खिडकी उघडा, थोडी हवा तिथून आत येते आणि हेड सुटतं. गालिच्यावर घाई नको, पुढे सावकाश, मागे त्याहून सावकाश, रोलरला केस हलवायला आणि हवेला वाळू वर आणायला वेळ द्या. एकदा उभं, एकदा आडवं.

काही गोष्टी याने ओढू नका: पाणी, गरम राख, फुटलेली काच, भिंत घासल्यावर पडलेली बारीक पांढरी भुकटी. ती भुकटी बॅगची छिद्रं काही मिनिटांत बुजवते, बॅग रिकामी दिसते पण ओढ गेलेली असते. चालता चालता मशीन आपोआप बंद पडलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा नळीत काहीतरी अडकून मोटर तापलेली असते आणि आतलं सुरक्षा बटण पडतं. प्लग काढा, नळी सरळ धरून एका बाजूने उजेड पाडून दुसऱ्या बाजूने बघा, अडकलेलं काढा, अर्धा-एक तास थंड होऊ द्या.

रोलरवर गुंडाळलेले केस दर दोन-तीन आठवड्यांनी काढा. मशीनचा प्लग काढून हेड उलटं करायचं, बहुतेक रोलरला लांबीच्या दिशेने एक खाच असते, त्यात कात्रीचं टोक सरकवत केस कापत जायचे आणि मग बोटांनी ओढून घ्यायचे. दोन्ही टोकांची बेअरिंग विसरू नका, तिथे केस आत शिरून कडक दोरीसारखे बसतात आणि रोलर जड होतो. कॉम्बिनेशन हेडच्या त्या खरखरीत पट्ट्यांवरचा लगदा जुन्या टूथब्रशने एकाच दिशेने घासला की निघतो. पार्के ब्रश मात्र केसांवर उभा करून ठेवू नका, केस कायमचे वाकतात आणि मग हेड जमिनीवर वाकडं टेकतं, त्याला खिळ्यावर टांगा.